द्राक्ष शिकलेलं मॉडेल टोमॅटो शिकवल्यावर द्राक्ष विसरतंय: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करावं?

बागेतला_कॅमेरा

नमस्कार मंडळी. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल आहे. मोबाइलनेट व्ही २ (फोनवर चालणारं हलकं नेटवर्क), फोटो २२४ बाय २२४, लायब्ररी पायटॉर्च. पहिल्या टप्प्यात द्राक्षाचे पाच वर्ग शिकवले: निरोगी, डाउनी, भुरी, करपा, फुलकिडे. फोटो निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतले. वेगळ्या ठेवलेल्या बागांवर निकाल समाधानकारक होता.

दुसऱ्या टप्प्यात पिंपळगाव बसवंतकडच्या टोमॅटोचे चार वर्ग: निरोगी, करपा, लीफ कर्ल, नागअळी. जुनी वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) घेतली, शेवटच्या लेयरची पाच उत्तरं वाढवून नऊ केली आणि फक्त टोमॅटोचे फोटो २० इपॉक (सगळ्या फोटोंच्या २० फेऱ्या) चालवले. लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचा आकार) ०.००१, ऑप्टिमायझर अ‍ॅडमडब्ल्यू. टोमॅटो छान ओळखतंय, पण द्राक्षाचं कुठलंही पान दाखवा, उत्तर टोमॅटोचंच येतं. थोडं घसरलं असतं तर समजलं असतं, इथे पाटीच कोरी झाली.

तीन प्रश्न:
१) इतकं पूर्ण का विसरलं?
२) जुने फोटो मिसळायचे तर किती?
३) ईडब्ल्यूसीचा (महत्त्वाची वेट्स जुन्या जागी बांधून ठेवणारी पद्धत) उपयोग होईल का?

द्राक्षाचे सगळे फोटो डिस्कवर आहेत. पण पुढे कांदा आणि डाळिंब यायचंय, म्हणून दर वेळी करता येईल अशी पद्धत हवी आहे.

---

गोदाकाठ

उपायाकडे जाण्याआधी काय विसरलंय ते तपासा. 'विसरलं' या एका शब्दाखाली तीन वेगळे बिघाड असतात आणि तिन्हींचं औषध निराळं आहे.

पहिली तपासणी पाच मिनिटांची. द्राक्षाचे टेस्ट फोटो घ्या, नऊ लॉजिटपैकी (प्रत्येक वर्गाला मिळणारे कच्चे गुण) टोमॅटोचे चार झाका आणि उरलेल्या पाचांत सर्वांत मोठा कोणता ते बघा. उत्तरं बरोबर यायला लागली, तर मॉडेलला डाउनी आणि भुरीतला फरक अजून कळतो. फक्त टोमॅटोचे आकडे इतके फुगलेत की द्राक्षाचा आवाज ऐकू येत नाही.

दुसरी तपासणी: खालचं सगळं गोठवा (त्याची वेट्स बदलू देऊ नका), शेवटची लेयर नव्याने सुरू करा आणि द्राक्षाचे वर्गामागे ५० फोटो देऊन तेवढीच लेयर शिकवा. त्या लेयरकडे येणारी १२८० वैशिष्ट्यं गुणिले ५ अधिक ५ बायस, म्हणजे ६,४०५ आकडे. साध्या लॅपटॉपवरही झटपट होतं. निकाल परत आला तर खालची वैशिष्ट्यं जिवंत आहेत.

तिसरी: बॅचनॉर्मचे (लेयरमधले आकडे एका पट्टीत आणणारा भाग) जुने सरासरी-विचलनाचे आकडे जुन्या फाइलमधून उचलून नव्या मॉडेलमध्ये टाका आणि परत मोजा. त्यावर नंतर लिहितो, कारण इथे बरेच जण फसतात.

तिन्हीत निकाल परत आला नाही, तरच 'खालपासून पुसलं गेलं' असं म्हणा.

---

चढउतार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सूत्रातच आहे.

सॉफ्टमॅक्स (लॉजिटवरून संभाव्यता काढणं) आणि क्रॉस-एन्ट्रॉपी (चुकीचं माप) वापरली की प्रत्येक लॉजिटवरचा ग्रेडियंट (चूक कुठल्या दिशेला वाढते ते सांगणारा आकडा) असतो 'मॉडेलने दिलेली संभाव्यता वजा खरं लेबल'. टोमॅटोच्या फोटोत द्राक्षाच्या पाचही वर्गांचं लेबल ०. म्हणजे ग्रेडियंट नेहमी धन आणि पाऊल नेहमी खालच्या दिशेला. टोमॅटोचा प्रत्येक फोटो द्राक्षाच्या पाचही उत्तरांना खाली ढकलतो. द्राक्षाचा फोटो एकही नाही, म्हणून वर ओढणारं कुणीच नाही. सुरुवातीला तर शेवटच्या लेयरमधल्या टोमॅटोच्या नव्या ओळी (एका वर्गाची वेट्स म्हणजे एक ओळ) यादृच्छिक असतात आणि द्राक्षाच्या ओळी शिकलेल्या, त्यामुळे संभाव्यतेचा मोठा वाटा द्राक्षाकडे जातो आणि पहिल्या काही डझन बॅचमध्येच (बॅच म्हणजे एका वेळी दिलेला फोटोंचा गट) त्यांना जोरदार मार बसतो.

मोबाइलनेट व्ही २ मध्ये अजून एक गोष्ट घडते. शेवटची १२८० वैशिष्ट्यं रेलू ६ मधून गेलेली आणि सरासरी काढलेली असतात, त्यामुळे सगळी ० ते ६ च्या दरम्यान, एकही ऋण नाही. पान टोमॅटोचं असो की द्राक्षाचं, हिरवा रंग, शिरा, कडा यांची वैशिष्ट्यं दोन्हीत उजळतात. टोमॅटोच्या फोटोवर द्राक्षाची ओळ खाली ढकलताना नेमक्या या सामाईक दिशेतली वेट्स घटतात. मग द्राक्षाचा फोटो आला तरी तोच लॉजिट खाली गेलेला दिसतो. एकमेकांपासून लांब असलेले विषय एकमेकांना कमी पुसतात. सारखे दिसणारे आणि उत्तर मात्र वेगळं असलेले विषय सगळ्यांत जास्त पुसतात. पान विरुद्ध पान हे त्याचं उत्तम उदाहरण.

हे कोडं जुनं आहे. १९८९ मध्ये मॅक्लोस्की आणि कोहेन यांनी छोट्या नेटवर्कला आधी १ च्या बेरजा शिकवल्या, सगळ्या मिळून १७. त्या पक्क्या झाल्यावर फक्त २ च्या बेरजा शिकवल्या, तर १ च्या बेरजा कोसळल्या. नेटवर्कमध्ये जागा कमी होती असं नव्हे. दोन्ही संच एकत्र शिकवले तर तेच नेटवर्क दोन्ही शिकत होतं. दोष क्रमाचा होता. तुमचंही तसंच आहे: नऊ वर्ग एकत्र दिले तर हेच मॉडेल नऊही शिकेल.

---

दिंडोरी_रोड

मॉडेलच्या आधी लेबलं बघा. दोन्ही पिकांत 'करपा' आहे. द्राक्षातला करपा म्हणजे अँथ्रॅक्नोज. टोमॅटोतला बहुतेक वेळा लवकर येणारा करपा, ती वेगळीच बुरशी, पानावर एकात एक वर्तुळं दिसतात. उद्या कांदा आणाल तर जांभळा करपा येईल. आपल्याकडे करपा हा लक्षणाचा शब्द आहे, पान जळाल्यासारखं दिसलं की करपा. एका रोगाचं ते नाव नव्हे.

तुमच्या फोल्डरचं नाव नुसतं 'करपा' असेल आणि लेबलं फोल्डरच्या नावावरून बनत असतील, तर दोन रोग एकाच नोडवर जाऊन बसतात. 'निरोगी'चंही तेच. तो विसरण्याचा दोषच नाही, पण दिसतो तसाच. पहिल्यापासून 'द्राक्ष_करपा', 'टोमॅटो_करपा', 'कांदा_जांभळा_करपा' अशी नावं ठेवा.

दुसरं क्रमांकाचं. फोल्डरवरून लेबलं वाचणारी साधनं वर्णानुक्रमे आकडे देतात. टोमॅटोचे फोल्डर आत टाकले की जुने आकडे सरकू शकतात. काल ३ म्हणजे भुरी होती, आज ३ म्हणजे करपा. वर्ग आणि आकडा यांची यादी एका फाइलमध्ये कायमची लिहून ठेवा आणि नवे वर्ग फक्त शेवटी जोडा.

आणि हे हलक्यात घेऊ नका. भुरीवर गंधक चालतं, डाउनीवर चालत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगे फुटलेले असताना पाऊस झाला आणि ॲपने डाउनीला दुसरं काही म्हटलं, तर चुकीच्या फवारणीत गेलेले दोन-तीन दिवस घडावर पडतात.

---

गोदाकाठ

दिंडोरी_रोड यांच्या मुद्द्याला +१. लेबलांची फाइल आधी, बाकी सगळं नंतर.

आता बॅचनॉर्म. बरेच जण 'खालच्या लेयर गोठवल्या' म्हणताना पायटॉर्चमध्ये फक्त रिक्वायर्स-ग्रॅड बंद करतात. त्याने वेट्स थांबतात, पण मॉडेल ट्रेन मोडमध्ये असेल तर बॅचनॉर्मची चालती सरासरी बदलतच राहते. मोमेंटम डिफॉल्ट ०.१, म्हणजे प्रत्येक बॅचनंतर जुन्या सरासरीचा ०.९ वाटा उरतो. २२ बॅच झाल्या की जुन्याचा वाटा साधारण १० टक्के, ४४ बॅचनंतर १ टक्का. एक इपॉक पुरा व्हायच्या आत द्राक्षाचे आकडे गेलेले असतात, वेट्स एका कणानेही न हलता.

उपाय: गोठवलेल्या भागातल्या बॅचनॉर्म लेयर ईव्हॅल मोडमध्ये (जिथे चालती सरासरी बदलत नाही) टाका, आणि ते दर इपॉकच्या सुरुवातीला परत करा, कारण मॉडेल-डॉट-ट्रेन म्हटलं की सगळ्या पुन्हा ट्रेन मोडमध्ये जातात. केरास या दुसऱ्या लायब्ररीत टेन्सरफ्लो २ पासून ट्रेनेबल बंद केलं की बॅचनॉर्म आपोआप गोठतं. आणि तिथला मोमेंटम उलट अर्थाने लिहितात, डिफॉल्ट ०.९९. एकीकडचा आकडा दुसरीकडे चिकटवू नका.

---

चढउतार

गोठवण्याबद्दलच अजून एक, अ‍ॅडमडब्ल्यू वापरणाऱ्यांसाठी. काही जण द्राक्षाच्या पाच ओळी वाचवायला त्यांचा ग्रेडियंट गुणिले ० करतात. ते पुरत नाही. ग्रेडियंट 'नाही' आणि ग्रेडियंट '०' यांत फरक आहे. '०' असेल तर ऑप्टिमायझर त्या आकड्यांना हात लावतोच: वेट डिके (दर पावलाला वेट्स थोडी आकसवणं) लागू होतो आणि ऑप्टिमायझरच्या मोमेंटमचा (आधीच्या ग्रेडियंटचा) जुना साठा असेल तर तोही पुढे सरकतो. लर्निंग रेट ०.००१ आणि डिके ०.०१ धरला तर दर पावलाला एक लाखांश घट; १०,००० पावलांत ओळ जवळपास साडेनऊ टक्क्यांनी आकसते. वाचवायच्या ओळी वेगळ्या लेयरमध्ये ठेवा आणि ती लेयर ऑप्टिमायझरला देऊच नका.

---

बागेतला_कॅमेरा

सगळ्यांचे आभार. तपासण्या केल्या. लेबलं ठीक निघाली, नावांत पीक होतं आणि क्रमही शेवटी जोडलेला. टोमॅटोचे चार लॉजिट झाकल्यावर निकाल निम्म्याहून जास्त परत आला. शेवटची लेयर नव्याने शिकवल्यावर अजून वर गेला, पण मूळ पातळीच्या खालीच. म्हणजे वरचं बरंच आणि खालचं थोडं, असं समजू का?

---

चढउतार

घाई नको. नुसती शेवटची लेयर शिकवून आलेला निकाल 'जुनं ज्ञान टिकलं' याचा पुरावा होत नाही. इमेजनेटवर (सर्वसाधारण फोटोंचा मोठा संच) शिकलेलं, द्राक्ष कधीच न पाहिलेलं मोबाइलनेटही या तपासणीत बऱ्यापैकी गुण मिळवेल. म्हणून तीन शरीरांवर (शरीर म्हणजे शेवटची लेयर सोडून उरलेलं मॉडेल) तीच तपासणी तेच ५० फोटो देऊन करा: (क) फक्त इमेजनेटचं, (ख) द्राक्ष शिकलेलं, (ग) द्राक्षानंतर टोमॅटो शिकलेलं. ग हा ख च्या जवळ असेल तर खालचं टिकलंय. ग घसरून क पर्यंत आला असेल, तर द्राक्षाचं खास शिक्षण गेलं आणि उरलं ते इमेजनेटचं सर्वसाधारण.

---

बागेतला_कॅमेरा

केलं. ग बरोबर मध्ये आहे, किंचित ख कडे झुकलेला.

---

गोदाकाठ

मग चित्र स्पष्ट आहे: शेवटची लेयर मुख्य गुन्हेगार, खालचं शरीर अर्धवट सरकलेलं. शरीर सरकण्यात तुमच्या क्रमाचाही हात आहे. नव्या यादृच्छिक ओळी जोडल्या आणि पहिल्या पावलापासून सगळं एकत्र शिकायला मोकळं सोडलं. सुरुवातीच्या चुका मोठ्या असतात, तो ग्रेडियंट खालपर्यंत झिरपतो आणि चांगली वैशिष्ट्यं वाकवतो. २०२२ मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं: आधी फक्त शेवटची लेयर शिकवा, ती बसली की मग सगळं सोडा. वैशिष्ट्यं कमी वाकतात.

तुमच्याकडे द्राक्षाचे सगळे फोटो आहेत, त्यामुळे खरं उत्तर साधं आहे. मिसळा.

१. लेबल फाइल नऊ वर्गांची, क्रम कायम.
२. सुरुवात द्राक्ष शिकलेल्या वेट्सपासून. टोमॅटो शिकलेली फाइल बाजूला.
३. बॅचमध्ये प्रत्येक वर्गाचे ४ फोटो, म्हणजे ३६ ची बॅच. वर्गानुसार समतोल निवड करणारा सॅम्पलर लावा. पिकानुसार नको, वर्गानुसार.
४. शरीर गोठवून, बॅचनॉर्म ईव्हॅलमध्ये ठेवून, फक्त शेवटची लेयर ३ ते ५ इपॉक, लर्निंग रेट ०.००१.
५. मग सगळं सोडून १० ते १५ इपॉक, लर्निंग रेट ०.०००१, पहिली काही शे पावलं हळूहळू चढवत. आता बॅचमध्ये दोन्ही पिकं आहेत, त्यामुळे बॅचनॉर्म ट्रेन मोडमध्ये चालेल.
६. दर इपॉकनंतर द्राक्ष आणि टोमॅटो दोन्हींचे गुण वेगवेगळे लिहा. एकच सरासरी लिहिली तर टोमॅटोची वाढ द्राक्षाची घट झाकते.

काही हजार फोटोंचं हे काम साध्या जीपीयूवर सहसा तासाभरात उरकतं. कांदा आला की परत हेच. एवढ्या आकाराच्या मॉडेलला 'न विसरता शिकवण्याच्या' खास पद्धती लागतच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

---

रांगडा_लेट

गोदाकाठ, मत पटतं पण पूर्ण नाही. फोटो दर वेळी हाताशी नसतात. शेतकऱ्याने फोटो साठवायला परवानगी दिली नाही, किंवा मॉडेल फोनवरच शिकतंय, तर सगळं मिसळायचं कुठून? साठा छोटा असेल तेव्हाचं गणित लिहा की.

---

गोदाकाठ

योग्य. छोट्या साठ्याचं गणित.

जागा: २२४ बाय २२४ चा जेपेग १५ ते २० केबीचा. वर्गामागे २०० धरले तर द्राक्षाचे १,००० फोटो, म्हणजे २० एमबीच्या आसपास. फोनलाही जड नाही. फोटोऐवजी १२८० वैशिष्ट्यं साठवली तर एका फोटोला ५,१२० बाइट, हजार फोटोंना ५ एमबी. पण ही युक्ती शरीर कायम गोठलेलं असेल तरच चालते. शरीर बदललं की साठवलेली वैशिष्ट्यं जुन्या शरीराची राहतात आणि शेवटची लेयर चुकीच्या गोष्टींवर शिकते.

किती: वर्गामागे २० पासून सुरू करा, मग ५०, १००, २००. प्रत्येक टप्प्यावर जुन्या पिकाचा निकाल मांडा. पहिले काही फोटो सगळ्यांत जास्त परत मिळवून देतात, पुढे वळण सपाट होतं. जिथे सपाट झालं तिथे थांबा.

कोणते: यादृच्छिक निवड हरवणं वाटतं तितकं सोपं नाही, पण थर पाडून यादृच्छिक निवडा. बाग, फोन, दिवसाची वेळ आणि रोगाची अवस्था हे थर. डाउनीचे सुरुवातीचे तेलकट पिवळे डाग आणि पानाखालची पांढरी बुरशी हे फोटोत दोन वेगळे रोग वाटतात. साठ्यात फक्त दुसरी अवस्था राहिली तर मॉडेल पहिली विसरेल, आणि फवारणीच्या दृष्टीने पहिलीच मोलाची. एकाच पानाचे एकापाठोपाठ काढलेले दहा फोटो म्हणजे एकच फोटो.

फोटो सतत येत असतील आणि एकूण किती येणार ते ठाऊक नसेल, तर रिझर्व्हॉयर पद्धत: साठ्यात क जागा, 'न'वा फोटो आला की क भागिले न एवढ्या संभाव्यतेने तो आत घ्या आणि आतला कुठलाही एक काढा. प्रत्येक फोटोला समान संधी राहते. हे वर्गागणिक वेगळं चालवा, नाहीतर जानेवारीत भुरीचे फोटो ओतले जातात आणि ऑक्टोबरची डाउनी साठ्यातून हळूहळू हद्दपार होते.

२०२० मध्ये प्रभू आणि सहकाऱ्यांनी जीडम्ब नावाची मुद्दाम साधी पद्धत मांडली: समतोल साठा ठेवायचा आणि गरज पडली की तेवढ्या साठ्यावर मॉडेल पहिल्यापासून शिकवायचं. अनेक गुंतागुंतीच्या पद्धती तिच्यापुढे मागे पडल्या. तुमची पद्धत आधी या पट्टीवर मोजा.

---

चढउतार

साठा छोटा असेल तर भर एक: फोटोबरोबर जुन्या मॉडेलचे लॉजिटही साठवा. द्राक्षाला पाचच आकडे. शिकवताना त्या फोटोवर नव्या मॉडेलचे लॉजिट जुन्यांच्या जवळ ठेवायचे. नुसतं 'डाउनी' हे लेबल एकच गोष्ट सांगतं. पाच आकडे सांगतात की हे पान डाउनी आहे, पण करप्याकडे थोडं झुकतं. थोड्या फोटोंतून जास्त माहिती मिळते. २०२० मध्ये बुझेगा आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर डार्क एक्स्पीरियन्स रिप्ले मांडली.

आता तिसरा प्रश्न, ईडब्ल्यूसी. किर्कपॅट्रिक आणि सहकारी, २०१७. जुन्या कामाला कुठली वेट्स महत्त्वाची ते फिशर माहितीवरून (वेट किंचित हललं तर उत्तर किती बदलतं याचं माप) ठरवायचं आणि त्यांना जुन्या जागी स्प्रिंगने बांधायचं. महत्त्व जास्त, स्प्रिंग ताठ. कल्पना सुंदर आहे, जुने फोटो साठवावे लागत नाहीत. पण तुमच्या कामाला हाताशी धरू नका, कारण सांगतो.

सलग शिकण्याचे तीन प्रकार धरतात. एक, कुठलं काम चालू आहे ते वापरताना माहीत असतं. दोन, काम तेच पण परिस्थिती बदलते. तीन, सगळ्या वर्गांतून एकच निवडायचा आणि कुठल्या टप्प्याचा ते माहीत नसतं. तुमचा तिसरा. फान द फेन आणि तोलियास यांनी २०१९ मध्ये हस्तलिखित अंक दोन-दोन करून पाच टप्प्यांत शिकवले. तिसऱ्या प्रकारात ईडब्ल्यूसी २० टक्क्यांच्या आसपास अडकली, म्हणजे शेवटचे दोनच अंक आठवत होते. स्प्रिंगने वेट्स धरली तरी डाउनी आणि टोमॅटो करपा यांना समोरासमोर कधी तोललंच नाही, तर दोघांतला फरक येणार कुठून?

यातून तुमच्यासाठी एक फुकटची वाट निघते. ॲपमध्ये 'पीक निवडा' असं बटण ठेवा. शेतकऱ्याला आपण द्राक्षाच्या बागेत उभे आहोत हे माहीत असतंच. निवडलेल्या पिकाचेच लॉजिट बघा. तिसरा प्रकार पहिला होतो आणि अर्धी अडचण तिथेच संपते. पीक निवडायचंच असेल तर प्रत्येक पिकाची शेवटची लेयर वेगळी ठेवता येते. शरीर एकच, गोठलेलं. मग द्राक्ष विसरण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण त्याच्या वाटेतल्या एकाही आकड्याला कोणी हात लावत नाही. किंमत एवढीच की गोठलेलं शरीर कांद्याच्या नळीसारख्या पातीवर कमी पडू शकतं.

ईडब्ल्यूसी करायचीच असेल त्यांच्यासाठी: फिशर काढताना ग्रेडियंटचा वर्ग एकेका फोटोचा घ्या आणि मग सरासरी काढा. बॅचचा सरासरी ग्रेडियंट घेऊन त्याचा वर्ग केला तर धन-ऋण एकमेकांना खातात आणि सगळं महत्त्व शून्याजवळ येतं. ही चूक फार आढळते.

---

अंबड_शिफ्ट

थोडं वेगळं विचारतो, पण विषय हाच. अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन केलेल्या पार्टवर ओरखडा, बर (कापल्यावर कडेला राहिलेला धारदार अंश), सच्छिद्रता तपासणारा कॅमेरा आहे. दोषांचे वर्ग तेच. लाइनवरचा दिवा बदलला, नव्या उजेडातल्या फोटोंवर मॉडेल परत शिकवलं. आता दुसऱ्या लाइनवर, जिथे जुनाच दिवा आहे, तिथे चांगले पार्ट रिजेक्ट होतायत.

---

गोदाकाठ

हा वर सांगितलेला दुसरा प्रकार: वर्ग तेच, परिस्थिती बदललेली. इथे पहिला संशय बॅचनॉर्मवर. शिकवण्याआधीचं जुनं मॉडेल घ्या, वेट्सना हात न लावता नव्या उजेडातले काही शे फोटो ट्रेन मोडमध्ये फक्त पुढे चालवा म्हणजे सरासरी-विचलन नव्याने बसतील, आणि निकाल बघा. तेवढ्याने भागलं तर शिकवायची गरजच नव्हती. प्रत्येक दिव्यासाठी बॅचनॉर्मच्या आकड्यांची वेगळी फाइल ठेवा, वेट्स एकच. फक्त त्या फोटोंत चांगले आणि दोषी पार्ट लाइनवरच्या प्रमाणात असू द्या. नुसते दोषी पार्ट चालवले तर सरासरीच वाकते.

नाही भागलं तर दोन्ही दिव्यांचे फोटो निम्मे-निम्मे मिसळून शिकवा. आणि गेजला जसा मास्टर पीस असतो तसे ठराविक ३०-४० पार्ट दोन्ही दिव्यांखाली फोटो काढून ठेवा. मॉडेल बदललं की आधी त्यांच्यावर चालवा, मग लाइनवर.

वर्ग तेच असल्यामुळे तुमच्याकडे अजून एक सोपी युक्ती चालते: जुन्या आणि नव्या वेट्सची सरासरी. नवं गुणिले अल्फा अधिक जुनं गुणिले एक वजा अल्फा, अल्फा ०.१ पासून ०.९ पर्यंत, आणि प्रत्येकावर दोन्ही लाइन मोजा. नवं मॉडेल जुन्यापासूनच पुढे शिकवलेलं असेल तरच हे जमतं. सरासरीनंतर बॅचनॉर्मचे आकडे नव्याने काढायला विसरू नका.

---

उन्हाळकांदा

भाषेच्या मॉडेलबद्दलही लिहा कुणीतरी. कांद्याच्या लागवडीचे प्रश्नोत्तर देऊन फाइन-ट्यून केलं (तयार मॉडेल आणखी शिकवलं) की मॉडेल साधा मराठी अर्ज लिहायलाही अडखळतं, प्रत्येक वाक्यात कांदा येतो. शिवाय लासलगावचे भाव त्यात घालायचे आहेत.

---

चढउतार

भाव वेट्समध्ये घालूच नका. रोज बदलणारी गोष्ट शिकवली की रोज जुनी पुसावी लागते, आणि मॉडेल कालचा भाव आजचा म्हणून ठामपणे सांगेल. भाव तक्त्यात ठेवा आणि प्रश्न आला की तिथून उचलून मॉडेलसमोर मांडा. वेट्समध्ये टिकाऊ गोष्टीच जाव्यात: रांगडा आणि उन्हाळ कांद्यांतला फरक, जांभळ्या करप्याची लक्षणं, बोलण्याची पद्धत.

विसरण्याबद्दल: पूर्ण मॉडेल हलवण्याऐवजी लोरा (मूळ वेट्सना छोटी जोड लावून तेवढीच शिकवण्याची पद्धत) वापरा. ४०९६ बाय ४०९६ च्या एका मॅट्रिक्समध्ये १,६७,७७,२१६ आकडे असतात. रँक ८ चा लोरा त्यावर ६५,५३६ आकडे जोडतो, ०.४ टक्क्यांहूनही कमी. मूळ वेट्स जशीच्या तशी राहतात, जोड काढली की जुनं मॉडेल अक्षरशः परत. मात्र जोड लावलेली असताना विसरणं होतंच, फक्त कमी. २०२४ मध्ये बिडरमन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजू मोजल्या: लोरा पूर्ण फाइन-ट्यूनपेक्षा कमी विसरतो आणि कमी शिकतोही.

म्हणून मिसळणं इथेही हवंच. कांद्याच्या शंभर उदाहरणांमागे दहा ते वीस सर्वसाधारण मराठी ठेवा: अर्ज, सारांश, गणित, गप्पा. मूळ मॉडेल कशावर शिकलं ते आपल्याला मिळत नाही, पण फाइन-ट्यूनच्या आधी त्याच मॉडेलकडून सर्वसाधारण प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या आणि ती मिसळा. इन्स्ट्रक्टजीपीटी हे भाषेचं मॉडेल बनवतानाही, २०२२ मध्ये, जुन्या प्रशिक्षणाचे ग्रेडियंट मिसळूनच घसरण कमी केली होती. इपॉक एक ते दोन, फार तर तीन. कांदा प्रत्येक वाक्यात यायला लागला म्हणजे बहुधा इपॉक जास्त आणि उत्तरांचा साचा एकच.

---

बागेतला_कॅमेरा

गोदाकाठ यांच्या सहा पायऱ्या केल्या. द्राक्ष जुन्या पातळीला जवळपास टेकलं, टोमॅटोही टिकला. पीक निवडायचं बटणही घेतोय.

आता निराळीच अडचण. लॅपटॉपवर सगळं ठीक, फोनवर घातलं की टोमॅटो बरोबर आणि द्राक्ष परत घसरलेलं. फोनसाठी टीएफलाइट (फोनवर मॉडेल चालवायचं साधन), पूर्ण इंट ८ (सगळे आकडे ८ बिटांत बसवलेले).

---

गोदाकाठ

इंट ८ करताना नमुना म्हणून कुठले फोटो दिले? त्यांच्यावरून प्रत्येक लेयरच्या आकड्यांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा ठरते आणि ती मर्यादा २५६ पायऱ्यांत वाटली जाते. फक्त टोमॅटो दिले असतील तर मर्यादा टोमॅटोपुरती बसते आणि द्राक्षाच्या पानावरचे मोठे आकडे कापले जातात.

---

बागेतला_कॅमेरा

फक्त टोमॅटोच. मागच्या टप्प्यातला फोल्डर तसाच राहिला होता.

---

गोदाकाठ

मग मॉडेल परत शिकवू नका. नऊ वर्गांतून ३०-३० असे २७० फोटो द्या. १०० ते ५०० च्या दरम्यान पुरतात. फोटोंवरची पूर्वप्रक्रिया शिकवताना होती तीच हवी, पिक्सेल उणे १ ते १ मध्ये आणले होते की सरासरी वजा केली होती ते तपासा. मग इंट ८ फाइलवरच दोन्ही पिकांची पूर्ण टेस्ट चालवा, लॅपटॉपच्या मॉडेलवर नाही, आणि आकडे तक्त्यात टाका: ओळीला टप्पा, स्तंभाला पीक. द्राक्षाच्या स्तंभात वरून खाली येताना आकडा कुठे पडतो ते बघितलं की कांद्याच्या वेळी शोधाशोध करावी लागणार नाही. तक्त्यात 'शिकवल्यानंतर' आणि 'इंट ८ नंतर' अशा दोन ओळी प्रत्येक टप्प्याला ठेवा.